बिबट्याआधी कावळा

टीवायबीएस्सीला आहे, झूलॉजी. बिबट्यांवर संशोधन करायचंय. सुरुवात कुठून करू? (डोंबिवली)

खिडकीतून. थट्टा करत नाहीये. बोरिवलीच्या नॅशनल पार्कात काम करणाऱ्यांनाही बिबट्या भेटतो तो बहुतेक वेळा कॅमेरा ट्रॅपच्या (प्राणी समोरून गेला की आपोआप फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्याच्या) फोटोत, ठिपक्यांच्या नक्षीवरून ओळखायचा. नजर तयार होते ती कावळ्यावर. एकच कावळा धर, दहा मिनिटं त्याला सोडू नकोस. दर तीस सेकंदांनी टीप: खातोय, चोच घासतोय, नुसता बसलाय. ‘रागावला’ असं लिहिलंस तर खोड. ‘मान पुढे, पिसं फुगलेली’ असं लिही. मी शिवडीच्या जेट्टीवर पहिल्यांदा रोहित पक्षी (फ्लेमिंगो) मोजायला गेले ती भरतीचं वेळापत्रक न बघताच. चिखल पाण्याखाली, पक्षी लांब, आणि वहीत आकडा काय, तर ‘खूप’! गाईडनी वही न बोलता परत केली.

प्राण्यांच्या वर्तनाचा अभ्यासक निको टिनबर्गननं 1963 मध्ये मांडलेले चार प्रश्न पाठ असू देत: हे वर्तन कशानं सुरू होतं, वाढत्या वयात कसं घडतं, जगायला त्याचा उपयोग काय, उत्क्रांतीत आलं कुठून. पुढे एमएस्सीला डेहराडूनची वाइल्डलाइफ इन्स्टिट्यूट किंवा बंगळुरूचं एनसीबीएस, म्हणजे जीवशास्त्राची राष्ट्रीय संशोधन संस्था. यंदा प्रवेश आहेत ना, ते आधी बघ. तोवर फोर्टातली बीएनएचएस (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) आहेच, 1883 पासून.

मुलगी पीएचडी करेन म्हणते. यात पोट भरतं का? (एक आई, गिरगाव)

ताई, नेट-जेआरएफ (नेट परीक्षेतून मिळणारी सरकारी संशोधनवृत्ती) मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना 37,000 रुपये, नंतर 42,000, घरभाडं वेगळं. पाच वर्षं निघतात. कायम नोकरीच्या जागा मात्र थोड्या, हे लपवत नाही. अभयारण्यात काम म्हटलं की 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली वनखात्याची परवानगी लागते आणि त्या कागदाची वाट बघण्यात एखादा हंगाम सहज जातो. आणि काम फक्त जनावराशी नसतं. जुन्नरकडे पकडलेले बिबटे दुसरीकडे सोडले, तर तिथेही माणसांवरचे हल्ले वाढले, असं अभ्यासातून दिसलं. त्यामुळे उसाच्या बांधावर, आरेच्या पाड्यांवर बसून लोकांशी बोलता येणं हेही संशोधनच. मुलीला ते जमत असेल तर अडवू नका.

वय 41, बँकेत आहे. उशीर झाला का? (ठाणे)

पगारी संशोधक व्हायला, बहुधा हो. पण ठाणे खाडी तुमच्या दाराशी आहे. दर रविवारी एकाच जागी, भरती-ओहोटीची तीच वेळ धरून पक्षी मोजा आणि ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या वेबसाइटवर नोंदवा. शून्य आलं तरी शून्य लिहा.