वाचकांचे प्रश्न : लेहजवळच्या आडवाटा

प्रश्न : जुलैअखेरीस सासू-सासऱ्यांसह लेहला जात आहोत. पँगाँग सरोवर आणि खार्दुंग ला खिंड यांची दगदग त्यांना झेपणार नाही. जवळपास शांत, पाहण्याजोगे काही आहे का?

उत्तर : लेहची उंची सुमारे 3,500 मीटर असल्याने पहिले दोन दिवस विश्रांतीलाच द्यावेत. त्यानंतर श्रीनगर रस्त्याने पश्चिमेकडे निघावे, कारण सिंधूच्या प्रवाहाबरोबर ही वाट उतरत जाते आणि वडीलधाऱ्यांना श्वासाचा त्रास तुलनेने कमी जाणवतो. वाटेतली मॅग्नेटिक हिल, जेथे गाडी आपोआप चढ चढते असे भासते, हा निव्वळ दृष्टिभ्रम आहे. तेथील रांगेत वेळ घालवू नये. निम्मूला मात्र थांबावे, तेथे झंस्कार नदी सिंधूला मिळते. पुढे बासगो येथे मातीच्या कड्यावरच उभारलेल्या मातीच्या किल्ल्याचे अवशेष आहेत. कडा कोठे संपतो आणि भिंत कोठे सुरू होते, हे दुरून ओळखता येत नाही.

खरा मुक्काम आल्चीला करावा. इतर बहुतेक गोंपांसारखा (बौद्ध मठांसारखा) येथील गोंपा डोंगरमाथ्यावर नसून जर्दाळूच्या बागांमध्ये सपाटीवर असल्याने गुडघेदुखी असणाऱ्यांनाही सोयीचा आहे. सुमारे आठशे वर्षांपूर्वीच्या तीनमजली सुमचेक मंदिरातील अवलोकितेश्वर या करुणेच्या बोधिसत्त्वाच्या मूर्तीच्या धोतरावर काश्मिरी शैलीत राजवाडे आणि देवळे इतक्या बारकाईने रंगवली आहेत की नजर हलत नाही. आत छायाचित्रणास मनाई असून अंधारही असतो, म्हणून छोटी विजेरी जवळ ठेवावी. दारे बुटकी आहेत; सासऱ्यांना वाकून जाण्याची आठवण करावी.