पास भावाकडे, पेशंट शुद्धीवर

प्रश्न: आम्ही दोघं सात वर्षं कोथरूडला एकत्र राहतो, लग्न केलेलं नाही. गेल्या आठवड्यात त्याला गाडीवरून जाताना अपघात झाला. मीच अ‍ॅडमिट केलं, डिपॉझिट भरलं. मग साताऱ्याहून त्याचा भाऊ आला. त्यानं पास स्वतःकडे घेतला आणि वॉचमनला सांगितलं, "हिला वर सोडू नका." त्याच्या आई खाली बाकावर बसून असतात, माझ्याकडे बघतही नाहीत. तो शुद्धीवर आलाय, एवढं सिस्टरांकडून कळलं. काय करू?

उत्तर: तो शुद्धीवर आहे ना? मग तू भेटायला यावंस का, हे भावाला नको, हॉस्पिटलला थेट त्यालाच विचारायला लाव.

लग्न न केलेल्या जोडीदाराला भेटीचा हक्क देणारा वेगळा कायदा आपल्याकडे नाही. हे वाचून तुला वाईट वाटेल, मलाही लिहिताना वाटतंय. पण सज्ञान पेशंटच्या वतीनं आईनं दिलेली संमतीही सुप्रीम कोर्टानं २००८ मध्ये, समीरा कोहली खटल्यात, मान्य केली नव्हती. तो निकाल ऑपरेशनचा होता, भेटीचा नाही. तरी पेशंटचा शब्द आधी, हे सांगायला तो आधार घे.

गेटवर वाद घालू नकोस, वॉचमनच्या हातात काही नसतं. सकाळी प्रशासनाच्या ऑफिसात जा, मेडिकल सोशल वर्कर असतील तर आधी त्यांना भेट. अर्ध्या पानाचा अर्ज दे. सोबत डिपॉझिटची पावती आणि दोघांच्या नावाचा भाडेकरार जोड. मागणी एकच ठेव: पेशंटला एकट्यात विचारा आणि त्याचं उत्तर केसपेपरवर लिहा. सात वर्षांचा हिशोब तिथे मांडू नकोस. अर्जाची पोच मात्र घेच. तो "नको" म्हणाला, तर तेही तुला ऐकावं लागेल.

तो घरी आला की दोघांनी लेखी करून ठेवा: दवाखान्यात कोणाला बोलवायचं, माहिती कोणाला द्यायची. अखेरच्या आजारपणासाठीचं वैद्यकीय इच्छापत्र वेगळं असतं. २०२३ पासून त्याला दोन साक्षीदार आणि नोटरी पुरतो.

भावाकडून मला फारशी आशा नाही, आईंकडून आहे. त्या बाकावर दिवसभर बसतात म्हणतेस. उद्या डबा नेशील तेव्हा दोन पोळ्या जास्त घे, शेजारी ठेव आणि काही न बोलता बस.