वाचकांचे प्रश्न : ब्राउझर एका सिस्टिमवरून दुसऱ्या सिस्टिमवर

प्रश्न : चवथीच्या सुट्टीत फायरफॉक्सच्या सोर्समध्ये थोडा बदल केला. लिनक्सवर तो नीट चालतो. तोच पॅच (बदलाची फाइल) ओपनबीएसडी या युनिक्स घराण्यातल्या सिस्टिमवर लावला तर बिल्ड पुरा होतो, पण पान उघडताच टॅब कोसळतो. सँडबॉक्स बंद करू का? – अभियांत्रिकीचा विद्यार्थी, फर्मागुडी

उत्तर : नको. सँडबॉक्स म्हणजे टॅबला बाकी संगणकापासून वेगळं ठेवणारं कुंपण. ते काढलं तर टॅब उघडेल कदाचित, पण मग कुठल्याही पानातला खोडसाळ कोड तुमच्या फाइलींपर्यंत पोचू शकेल. आधी टॅब कशाने पडतो ते शोधा.

टॅब कोसळल्याबरोबर टर्मिनलमध्ये 'डीमेसेज' (dmesg) ही कर्नलचे, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याचे, संदेश दाखवणारी कमांड चालवा. शेवटच्या ओळींत फायरफॉक्सचं नाव, 'प्लेज' हा शब्द आणि सिस्टिम कॉलचा (प्रोग्रामने कर्नलकडे केलेल्या मागणीचा) क्रमांक दिसला, तर कारण हाती आलं. प्लेज ओपनबीएसडीत 2016 साली, 5.9 या आवृत्तीत आलं. आपण कोणत्या प्रकारचे कॉल करणार हे प्रोसेस आधीच सांगून ठेवते. त्याबाहेरचा कॉल केला की कर्नल तिला जागीच संपवतो. लिनक्सवर हेच काम सेककॉम्प करतं, पण त्याची यादी वेगळी. म्हणून तिथे चाललेला कोड इथे मरतो. पॅच फाइल उघडत असेल तर आधी दोन उपाय करून पाहा : ते फाइल उघडण्याचं काम प्लेज लागू होण्याआधी उरका, नाहीतर ते मुख्य प्रोसेसकडे सोपवून उघडलेल्या फाइलचा डिस्क्रिप्टर (तिचा ओळख-क्रमांक) टॅबच्या प्रोसेसला द्या. यादीत परवानगी वाढवणं सर्वांत शेवटी.

तशी ओळ नसेल तर पॅचमध्ये 'प्रोक' (/proc) या, चालू प्रोग्रामांची माहिती दाखवणाऱ्या फोल्डरचा उल्लेख शोधा. लिनक्सवर प्रोग्राम स्वतःची फाइल कुठे आहे ते तिथून वाचतो. ओपनबीएसडीतून प्रोक 5.7 मध्येच काढून टाकलं. वाचन फसतं, रिकामी स्ट्रिंग पुढे जाते आणि कोसळणं भलत्याच फंक्शनमध्ये दिसतं. त्यामुळे माणूस दिवसभर चुकीची जागा तपासत बसतो. कोडमधली 'लिनक्स असेल तर' ही अट सरसकट 'युनिक्स असेल तर' अशी बदलली की नेमका हाच घोळ होतो : कंपाइल होतं, चालत नाही.

फक्त जड पानांवर टॅब पडत असेल तर मेमरीची मर्यादा पाहा. टर्मिनलमध्ये युलिमिट या कमांडला डी पर्याय (ulimit -d) दिला की ती दिसते. तुमच्या लॉगिन वर्गातली (वापरकर्त्यांच्या गटासाठी ठरवलेल्या मर्यादांतली) 'डेटासाइझ' वाढवा आणि पुन्हा लॉगिन करा. अपलोड करताना डाउनलोड्सबाहेरच्या फाइली दिसत नसतील तर मात्र दोष तुमच्या पॅचचा नाही. तिथल्या पॅकेजमध्ये 'अनव्हेल' ही ओपनबीएसडीची सोय फायरफॉक्सला घरच्या फोल्डरातलं बहुतेक सगळं झाकून ठेवतं. फाइल डाउनलोड्समध्ये न्या, झालं.

पावसात वीज जाणारच, म्हणून एवढं लक्षात ठेवा. अर्धवट तुटलेला गिट क्लोन (गिट या साधनाने उतरवलेली सोर्सची पूर्ण प्रत) पहिल्यापासून करावा लागतो. त्यापेक्षा त्या आवृत्तीची सोर्सची संकुचित फाइल उतरवा, ती तुटली तिथून पुढे घेता येते. बिल्ड थांबला तर पुन्हा लावल्यावर उरलेलंच काम होतं. मात्र एखादी ऑब्जेक्ट फाइल कापली गेल्याची तक्रार लिंकरने (कंपाइल झालेले तुकडे जोडणाऱ्या प्रोग्रामने) केली तर तेवढी एक पुसून बिल्ड लावा.

आणि चाललं की पॅच मूळ प्रकल्पाकडे पाठवाच. नवी आवृत्ती साधारण दर चार आठवड्यांनी येते. घरी ठेवलेला पॅच प्रत्येक वेळी नव्याने बसवत राहावा लागेल.

प्रश्न : वाचनालयातले चार संगणक विंडोज 7 वर आहेत. लिनक्स घातलं तर फायरफॉक्समधल्या पानखुणा आणि पासवर्ड टिकतील का? मराठी नीट दिसेल ना? – ग्रंथपाल, डिचोली

उत्तर : टिकतील. विंडोज 7 साठी 115 ईएसआर (दीर्घकाळ दुरुस्त्या मिळणारी आवृत्ती) ही फायरफॉक्सची शेवटची शाखा, तेव्हा बदल कराच. पानखुणा, पासवर्ड वगैरे ठेवणारा प्रोफाइल फोल्डर दोन्हीकडे सारखाच असतो. मदत मेनूतल्या समस्यानिवारणाच्या पानावरून तो उघडा, फायरफॉक्स पूर्ण बंद करा आणि मगच फोल्डर पेनड्राइव्हवर घ्या. पासवर्ड दोन फाइलींत मिळून असतात, 'लॉगिन्स' आणि 'की फोर'. एकच नेली तर ते उघडत नाहीत. लिनक्सवरची आवृत्ती जुनी असेल तर ती नव्या आवृत्तीचा प्रोफाइल नाकारते. डाउनलोडची जागा पुन्हा निवडावी लागेल, कारण डी ड्राइव्ह तिथे नसेल.

मराठीसाठी 'दुसऱ्या' आणि 'तऱ्हा' हे शब्द उघडून पाहा. चौकोन दिसले तर देवनागरी फॉंटच नाही. नोटो सान्स देवनागरी बसवा. 'ऱ्या' तुटलेला दिसला तर निवडलेला फॉंट अपुरा आहे, सेटिंगमध्ये देवनागरीसाठी दुसरा फॉंट नेमा.