चाळीतला कांदा आकृतीत कुठे दाखवायचा?

वाचकांचे प्रश्न : उच्च शिक्षण

प्रश्न : मी नाशिकमधील एका महाविद्यालयात चार वर्षांपासून अर्थशास्त्र शिकवते. माझ्या वर्गातील निम्म्याहून अधिक मुले निफाड, चांदवड आणि येवला तालुक्यांतून येतात. मागणी-पुरवठ्याच्या आकृत्या ती परीक्षेपुरत्या पाठ करतात, पण घरच्या शेतमालाच्या भावाविषयी बोलताना त्यांना त्या आकृत्या आठवतही नाहीत. वर्षातून एकदा आम्ही अभ्याससहल काढतो, मुले अहवाल लिहितात आणि विषय तिथेच संपतो. सिद्धांत आणि व्यवहार यांची सांगड खरोखर घालायची कशी?
— एक सहायक प्राध्यापिका, नाशिक

उत्तर : आपल्या मुलांना घरबसल्या जे ठाऊक आहे, ते समजून घेण्यासाठी महानगरांतील प्राध्यापकांना सर्वेक्षणे करावी लागतात. ही मोठी जमेची बाजू आहे आणि सुरुवात तिथूनच करावी, असे मला वाटते.

मी स्वतः अनेक वर्षे कॉबवेब सिद्धांत फळ्यावर ‘अ’ नावाच्या वस्तूचे उदाहरण घेऊन शिकवला. निकोलस काल्डॉर यांनी १९३४ साली त्याला हे नाव दिले. गेल्या हंगामाचा भाव पाहून शेतकरी यंदाची लागवड ठरवतो, पण माल बाजारात यायला काही महिने जातात. त्यामुळे भाव चढला की पुढच्या खेपेला आवक वाढून भाव पडतो, मग लागवड घटते आणि भाव पुन्हा चढतो. हे फेरे आकृतीत जोडले की कोळ्याचे जाळे तयार होते. एके दिवशी निफाडकडचा एक विद्यार्थी उभा राहिला आणि म्हणाला, “सर, आमचा कांदा चाळीत आहे. तो या आकृतीत कुठे दाखवायचा?” चाळ म्हणजे कांदा साठवून ठेवायची हवेशीर शेड. मला त्या तासाला उत्तर देता आले नाही. घरी जाऊन पुस्तक उघडले, तेव्हा लक्षात आले की तयार झालेला सगळा माल त्याच हंगामात विकला जातो, हे या सिद्धांताचे एक गृहीतक आहे आणि नेमके तेच वाक्य मी दरवर्षी घाईने उरकत आलो होतो.

त्या मुलाचा प्रश्न नीट उलगडला तर जवळजवळ महिनाभराचा अभ्यासक्रम त्यात सामावतो. खरीप आणि रांगडा (म्हणजे उशिरा खरीप) हंगामातला लाल कांदा टिकत नाही, काढला की विकावाच लागतो, म्हणून त्याला हा सिद्धांत बराचसा लागू पडतो. उन्हाळ कांदा मात्र चाळीत काही महिने राहतो. त्यामुळे शेतकऱ्याला दोनदा निर्णय घ्यावा लागतो : एकदा उळे, म्हणजे रोपांसाठी बी, टाकताना आणि पुन्हा चाळ फोडताना. दुसऱ्या निर्णयाच्या वेळी तो पुढच्या भावाची अपेक्षा, वजनातली घट, सड, कोंब आणि हातातली पैशाची निकड यांचा हिशेब एकत्र मांडत असतो. त्यातच सरकारचे धोरण येते. ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लागले आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये निर्यातबंदी झाली. अशा निर्णयाने भाव हलतो, तेव्हा गेल्या हंगामाच्या लागवडीशी त्याचा संबंध नसतो. सिद्धांत इथे खोटा पडला, असे मुलांना सांगू नका. त्याचे कोणते गृहीतक इथे टिकत नाही आणि ते बदलले की आकृती कशी बदलते, हे त्यांच्याकडूनच काढून घ्या.

सहलीबद्दल माझे मत स्पष्ट आहे : दरवर्षी नवे ठिकाण पाहण्यापेक्षा एकाच ठिकाणी वारंवार जावे. लासलगाव किंवा पिंपळगाव बसवंत यांपैकी एक बाजार समिती निवडा आणि चार-चार मुलांच्या गटांना दर पंधरवड्याला आळीपाळीने तिथे पाठवा. पहिली फेरी सिद्धांत शिकवण्याआधी व्हावी आणि दुसरी शिकवून झाल्यावर. पहिल्या फेरीत मुलांना गर्दी आणि गोंगाटच दिसेल, तरीही ती आवश्यक आहे, कारण पुढे वर्गात बोलताना शब्दांना आधार त्या दृश्याचाच मिळतो. दोन्ही वेळा आपण स्वतः सोबत जावे, ही माझी आग्रहाची विनंती आहे. शिक्षक ज्या आवारात कधी उभा राहिला नाही, त्याविषयीचा अहवाल तो नीट तपासूही शकत नाही.

तिथे पाहायचे काय, हेही आधी ठरवून द्या. व्यापारी ट्रॅक्टरमधला कांदा हातात घेतो, दाबून पाहतो, वरची पत्ती सुटली आहे का, रंग आणि आकार कसा आहे, हे क्षणात जोखतो आणि बोली लागते. शेजारच्या ट्रॅक्टरला त्याच घटकेला वेगळा भाव मिळतो. वर्गात आपण वस्तू ‘एकजिनसी’, म्हणजे सगळी एकाच प्रतीची, धरतो; इथे तो शब्द डोळ्यांसमोर तपासता येतो. बाजार समिती दिवसाचा किमान, कमाल आणि सरासरी भाव जाहीर करते. त्यातला सरासरी भाव आपल्या घरच्या मालाला मिळाला का, हे मुलांनी घरातली जुनी पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशेबाची पावती, काढून पाहावे आणि हमाली, तोलाई वजा जाता हातात काय आले, ते लिहावे. पट्टी आणताना घरच्यांची परवानगी घ्यावी आणि नावे झाकावीत; कुणाच्या घरची ओढाताण वर्गापुढे उघडी पडता कामा नये.

वेळेची अडचण मी जाणतो. सहायक प्राध्यापकाला आठवड्याला १६ तास प्रत्यक्ष अध्यापन करावे लागते आणि त्यावर कागदपत्रांचे काम असते. म्हणून हा उपक्रम जादा न ठेवता नव्या अभ्यासक्रमातील क्षेत्रप्रकल्पाच्या श्रेयांकांत बसवून घ्या. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ पासून ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ ही वाटही खुली केली आहे. किमान १५ वर्षांचा अनुभव असलेल्या तज्ज्ञांना मंजूर पदांच्या १० टक्क्यांपर्यंत त्यातून घेता येते. अशी व्यक्ती मिळाली तर तिच्या तासाला आपणही वर्गात उभ्या राहा. एक तास सिद्धांताचा आणि दुसरा अनुभवाचा, अशी वाटणी केली, तर दोन्ही जोडण्याचे काम ज्याला ते सर्वांत अवघड जाते त्या विद्यार्थ्यावरच पडते.

प्रश्न : अंबडच्या औद्योगिक वसाहतीत माझे छोटे मशिनशॉप आहे. अभियांत्रिकीचे विद्यार्थी प्रशिक्षणाला येतात, प्राध्यापक मात्र शेवटी सहीपुरते येतात. मुलांना नेमके काय शिकवावे?
— एक लघुउद्योजक, नाशिक

उत्तर : प्राध्यापकांना सुरुवातीलाच तासाभरासाठी बोलवा आणि तुमच्या शॉपमधला एक खरा प्रश्न त्यांच्यासमोर ठेवा. उदाहरणार्थ, मशिनवरून उतरलेला गरम जॉब, म्हणजे घडवलेला सुटा भाग, लगेच मायक्रोमीटरने मोजला तर मापात बसतो आणि थंड झाल्यावर कमी भरतो. पोलादाचा १०० मिलिमीटर व्यासाचा जॉब १० अंशांनी थंड झाला की व्यास सुमारे १२ मायक्रॉनने (मिलिमीटरच्या हजाराव्या भागाला मायक्रॉन म्हणतात) घटतो. उष्णतेने धातू प्रसरण पावण्याचे हे सूत्र मुलांनी पहिल्या वर्षी शिकलेले असते, तर रिजेक्शनच्या वहीत ‘माप कमी’ एवढीच नोंद असते. विद्यार्थ्याने दोन आठवडे प्रत्येक जॉब गरम असताना आणि थंड झाल्यावर मोजावा, दोन्ही वेळचे तापमान लिहावे आणि प्राध्यापकांनी ती आकडेवारी घेऊन त्याच मशिनपाशी, तुमच्या ऑपरेटरसमोर चर्चा करावी. सही त्या चर्चेनंतर द्यावी. ऑपरेटरलाही त्या चर्चेत बोलू द्या, कारण कोणता जॉब किती वेळ निववून मोजायचा, हे त्याने बहुधा अनुभवाने आधीच ठरवून ठेवलेले असते.