कसाव्याच्या पानांवरचे तपकिरी ठिपके

प्रश्न : साबुदाण्यासाठी लावलेल्या कसाव्याच्या खालच्या पानांवर ठिपके आलेत. रोग पसरतो कसा?

उत्तर : ठिपके कोनदार, गडद कडेचे असतील तर हा बुरशीजन्य तपकिरी ठिपका रोग. पान उलटून भिंगातून बघा, ठिपक्यावर राखाडी लव दिसेल. बुरशीचे दांडे पर्णरंध्रांतून झुपक्याने बाहेर येतात आणि टोकाला लांबट बीजाणू धरतात. वारा नि पावसाचे शिंतोडे ते शेजारच्या झाडांवर नेतात. दमट हवेत ते रुजून पर्णरंध्रांवाटेच आत शिरतात. गळलेल्या पानांवरही बुरशी तग धरते, तेव्हा ती वेचून पुरा. दाट लागवडीत ओल टिकते, म्हणून 90 × 90 सेंटिमीटर अंतर ठेवा. फवारणीची घाई मात्र नको. रोग मुख्यतः जून पानांवर येतो, आणि ती गळणारच असतात.