सस्पेन्सला टाकलेली रक्कम

"आम्ही कुणाचं वाईट केलं नाही, मग आमच्याच वाट्याला हे का?"

समुपदेशनाच्या बावीस वर्षांत हा प्रश्न किती तोंडून ऐकला, मोजलेलं नाही. विचारणारी बहुतेक माणसं पुढे म्हणतात, "मला तत्त्वज्ञान नको हं, उपाय सांगा." आपल्याकडे तत्त्वज्ञान हे 'पाजळायचं' असतं. पण आपल्या परंपरेत त्याला दर्शन म्हणतात, म्हणजे पाहणं. जगाकडे पाहायची एक रीत प्रत्येकाजवळ असते. ती आपल्याजवळ आहे हे मात्र कुणाच्या ध्यानात नसतं.

एका काकांची गोष्ट सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. काका पतसंस्थेत हिशेबनीस होते. निवृत्त झाले आणि वर्षाच्या आत काकूंना कंपवात, म्हणजे पार्किन्सन्स झाल्याचं निदान झालं. पहिल्या भेटीत मी घाई केली. मेंदूतल्या डोपामिन तयार करणाऱ्या पेशी कमी होत जातात, बहुतेक रुग्णांत त्याचं नेमकं कारण सापडत नाही, असं सगळं सांगून मोकळी झाले. काकांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"हे डॉक्टरांनीही सांगितलं, मॅडम. मी 'कशानं झालं' विचारत नाहीये. 'का झालं' विचारतोय."

बरोबर होतं त्यांचं.

पुढच्या भेटींत हळूहळू कळलं, की काका रात्र रात्र काकूंच्या आयुष्याचं ऑडिट करत होते. सासूशी ही कधी वाकडं बोलली होती का? दारातून कुणाला उपाशी पाठवलं होतं का? एकदा तर त्यांनी काकूंनाच विचारलं, "तुझ्या हातून कधी काही झालंय का गं?" त्या दिवसापासून काकूंनी बोलणं कमी केलं होतं. अभिषेक, प्रदक्षिणा, उपास या धांदलीत गोळीची वेळ चुकायची. या आजारात गोळी लांबली की अंग आखडतं. मग ते आखडलेलं अंग पाहून काका आणखी एक उपास धरायचे.

चित्रगुप्ताची वही कधी चुकत नाही, हे काकांचं दर्शन. दुःख आहे म्हणजे कुठेतरी पाप असायलाच हवं. या 'च'वर माझा डोळा असतो. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास जी विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडली, तिचा सगळा रोख या 'च'वर आहे. त्यांनी ऋण मानलं ते एपिक्टेटस या गुलाम म्हणून जगलेल्या तत्त्वज्ञाचं. माणसाला घटना अस्वस्थ करत नाहीत, घटनांबद्दलची त्याची मतं करतात, असं तो म्हणे. मी याच वाटेची, पण हे सरसकट गिळत नाही. काकूंचा हात थरथरतो तो काही मतामुळे नाही. काका त्यांच्याकडे संशयानं पाहत होते, ते मात्र मतामुळेच.

चौथ्या भेटीत वाद घालायचं सोडून मी त्यांच्या कामाबद्दल विचारलं.

"काका, महिनाअखेर ताळा जुळला नाही तर काय करायचा?"

"जुळेपर्यंत उठायचं नाही! एकदा सत्तावीस रुपयांसाठी रात्री अडीचपर्यंत बसलो होतो."

"आणि मग सापडले?"

"नाही." जरा थांबून म्हणाले, "सस्पेन्सला टाकले. हिशेब न लागलेली रक्कम तात्पुरती ठेवायचं खातं. जुनी माणसं उचंत खातं म्हणायची."

"का टाकले?"

"का म्हणजे? सकाळी दहाला काउंटर उघडायचा असतो. लोक दारात उभे असतात."

माझ्या जिभेवर पुढचं वाक्य तयार होतं. ते मी गिळलं. (समुपदेशक व्हायला मला दोन वर्षं लागली, गप्प बसायला दहा.) काकांनी चष्मा काढला, रुमालानं बराच वेळ पुसला.

"पण मॅडम, सस्पेन्स म्हणजे माफ नव्हे. रक्कम खोडलेली नसते. नोंद राहते."

"खोडा असं कुठे म्हटलं मी?"

"म्हणजे प्रश्न राहू द्यायचा. काउंटर उघडायचा." मग अगदी हळू म्हणाले, "ती बिचारी तीन महिने दारात उभी आहे."

असा प्रश्न घेऊन येणाऱ्यांना मी 'देव मानू नका' असं सांगत नाही, 'सगळं पूर्वसंचित' असंही नाही. श्रद्धा काय म्हणते यापेक्षा ती तुमच्याकडून दिवसभर काय करवून घेते, ते पाहा. काकांचा सोमवारचा अभिषेक आजही चालू आहे, फक्त गोळी दिल्यानंतर. काकूंना विचारलेल्या त्या प्रश्नाची माफी त्यांनी कशी मागितली, ते मला सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

शेवटच्या भेटीला दोघं आले. काकू सावकाश, अडखळत बोलत होत्या आणि मी रंगून ऐकत होते. काकांनी मध्येच घड्याळ पाहिलं, पिशवीतून पाण्याची बाटली काढली.

"मॅडम, एक मिनिट हं. साडेअकराची आहे हिची."