स्वयंपाकघरातली कपाटं: नुसती दारं बदलावीत की सगळंच नवीन करावं?

ताई, बारा वर्षांच्या कपाटांची सनमायका सुटलीय, दोन दारं लोंबकळतायत, म्हणून सगळं काढून नवीन करू का, असं तुम्ही विचारलंय. दारांकडे बघून काहीच ठरवू नका. आधी सिंकखालचं कपाट रिकामं करा.

मी लातूरची. आमच्याकडे नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी यायचं, तेही रात्री-बेरात्री. तोटी उघडी राहिली की भांडी भरून ओटा वाहायचा आणि पाणी कपाटांच्या तळाशी मुरायचं. मिस्तरीचं ऐकून मी जुन्याच सांगाड्यावर नवी दारं बसवून घेतली. इतकं देखणं झालं की शेजारणी बघायला आल्या. दुसऱ्याच पावसाळ्यात बिजागऱ्यांचे स्क्रू उपसून आले. सांगाडा भुशाच्या बोर्डाचा, तो आतून फुगून भुगा झालेला. मागून वाळवीने भिंतीवर मातीच्या नळ्या चढवलेल्या. दारांचे पैसे वाया गेले, त्याची हळहळ अजून जात नाही.

म्हणून सांगते, पेचकसाचं टोक तळफळीच्या कोपऱ्यांत दाबून बघा. सहज आत शिरलं तर तो कप्पा गेला. भुशाचा बोर्ड एकदा फुगला की कितीही वाळवा, पहिल्यासारखा होत नाही. मग एक बिजागरी काढून जुन्या भोकाशेजारी नवा स्क्रू पिळा. करकचून बसला तर सांगाड्यात अजून दम आहे. मागची फळी ठोकून बघायला विसरू नका, वाळवीने पोखरलेली फळी पोकळ वाजते.

औशाला माझ्या नणंदेच्या जुन्या घरात ओट्याखाली कडप्प्याचे कप्पे आहेत. त्याला ना पाणी कुजवतं ना वाळवी खाते. तिथे मी फक्त चौकटी आणि दारं बदलायला लावली. तुमचेही कप्पे कडप्प्याचे असतील तर दगडाला हात लावू देऊ नका.

खर्चाचं म्हणाल तर १० फुटी ओट्याखालची दारं साधारण २५ चौरस फूट भरतात, म्हणजे ८ बाय ४ च्या एका प्लायमध्ये होतात. सांगाड्याच्या बाजू, तळ, फळ्या, पाठ धरल्या तर याच्या तिप्पट-चौपट माल लागतो, शिवाय मजुरी. त्यामुळे सांगाडा ठणठणीत असेल तर दारंच बदला. एकटा सिंकखालचा कप्पा सडला असेल तर तेवढाच नवा करून घ्या. मिस्तरी सगळं तोडायला बघेल, पण ऐकू नका.

नवा प्लाय घेताना त्यावर आयएस ७१० हा (पाण्यात टिकणाऱ्या मरीन प्लायच्या भारतीय मानकाचा) शिक्का स्वतः बघा, नुसत्या 'वॉटरप्रूफ आहे' या शब्दावर जाऊ नका. कापलेल्या कडा उघड्या ठेवू नका, पाणी तिथूनच शिरतं. आणि कपाट फरशीवर थेट टेकवू नका. चार इंची पायांवर उभं केलं की सांडलेलं पाणी खालून पुसता येतं आणि वाळवीची पहिली नळी दिसते तेव्हाच खरवडून टाकता येते.